विमान वाहतुकीतील मानवी चुकांचे धडे फाउंड्रीच्या सुरक्षा प्रशिक्षणात कसे आणावेत?

ओतकामवाला (शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी शिरोलीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभाग पाहतो. कायम आणि ठेकेदाराचे मिळून आमच्याकडे दीडशेच्या आसपास कामगार आहेत. स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नसल्यामुळे ते कामही माझ्याकडेच आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. दरवर्षी त्या दिवशी आम्ही शपथ घेतो, हेल्मेट आणि बूट यांवर तासभर बोलतो, चहा-बिस्किटे होतात आणि दुसऱ्या पाळीपासून सर्व काही पूर्ववत सुरू होते. यंदा मालकांनी प्रशिक्षणासाठी अर्धी पाळी द्यायचे मान्य केले आहे आणि ती वाया जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

या इच्छेमागे ऑगस्टमधील एक रात्र आहे. शेडबाहेर ठेवलेल्या भंगारावरची ताडपत्री फाटलेली होती आणि त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नव्हता. तिसऱ्या चार्जच्या वेळी, म्हणजे भट्टीत माल टाकण्याच्या तिसऱ्या फेरीत, ओले भंगार भट्टीत गेले. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाणी वितळलेल्या लोखंडाखाली सापडले की त्याची क्षणात वाफ होते, त्या वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते आणि बाहेर पडताना ती वरचा रस, म्हणजे वितळलेले लोखंड, सोबत घेऊन येते. त्या रात्री रस उसळून प्लॅटफॉर्मवर पडला. एका कामगाराचा दंड भाजला, त्यापेक्षा अधिक काही झाले नाही. अधिक झाले नाही याचे श्रेय आमच्या व्यवस्थेला देता येणार नाही, कारण नेमक्या त्या क्षणी दोघे जण पाणी प्यायला बाजूला गेले होते.

भट्टीवरच्या मिस्त्रींना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याइतका जाणकार माणूस आमच्याकडे दुसरा नाही. रसाच्या रंगावरून ते तापमान सांगतात आणि पायरोमीटर (तापमान मोजण्याचे यंत्र) लावला तर फारसा फरक येत नाही. चौकशीत असे समजले की ट्रॉली ओढणाऱ्या हेल्परने "तात्या, माल वल्ला हाय वाटतंय" असे म्हटले होते आणि तात्यांनी "टाक रं, काय हुतंय त्येला" असे उत्तर दिले होते. घटनेच्या अहवालात मात्र "हेल्परच्या निष्काळजीपणामुळे ओले भंगार भट्टीत गेले" असे लिहिले गेले आणि हेल्परची दोन दिवसांची हजेरी कापण्यात आली. हा अहवाल मीच लिहिला होता, हे येथे नमूद करतो. तेव्हापासून थोडक्यात टळलेल्या अपघातांची आमची वही कोरी आहे. पाच महिन्यांत एकही नोंद नाही.

अलीकडे विमान अपघातांविषयी वाचताना २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ पडलेल्या युनायटेड या विमान कंपनीच्या १७३ क्रमांकाच्या विमानाची हकीकत वाचनात आली. चाकांच्या बिघाडाची शंका आल्याने कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालत राहिला, इंधन संपत आल्याचे इतरांच्या बोलण्यातून येत होते, पण ते त्याच्यापर्यंत ठामपणे पोहोचले नाही आणि इंजिने बंद पडून १० जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी नासाने याच विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडनेच कर्मचाऱ्यांच्या परस्पर समन्वयाचे प्रशिक्षण सुरू केले. आज त्याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात.

माझा प्रश्न असा आहे की, कॉकपिटमधील दोघे-तिघे उच्चशिक्षित, परवानाधारक आणि एकच कार्यपद्धती शिकलेले असतात. आमच्या भट्टीवर पंचविशीतला हेल्पर आणि पन्नाशी ओलांडलेले तात्या असतात. हे प्रशिक्षण येथे आणायचे तर कोठून सुरुवात करावी? "धोका दिसला तर बोला" हे मी कामगारांच्या मनावर नेमके कसे ठसवू?

निवृत्त_तंत्रज्ञ यांचे उत्तर

मी वायुदलात विमान देखभालीच्या कामात वीस वर्षे होतो आणि निवृत्तीनंतर कागल भागात काही वर्षे मेंटेनन्स पाहिला. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार माहीत आहेत. आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्याच्या शेवटच्या वाक्याशी अडखळलो. आपल्या हेल्परने सांगितले होते. मग "बोला" हे कोणाला शिकवायचे?

विमान वाहतुकीच्या इतिहासाकडे या अंगाने पाहावे अशी विनंती आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. केएलएमच्या कॅप्टनने पहिल्यांदा इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी मिळालेली नसल्याचे सांगितले होते. पुढे विमान धावू लागल्यावर, समोरचे पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते आणि कॅप्टनने ठासून "झाले आहे" असे उत्तर दिले. तो कॅप्टन त्या कंपनीच्या वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची त्या विमानासाठीची परीक्षाही त्यानेच घेतली होती. म्हणजे तेथेही तात्याच होते. आपल्या देशातील उदाहरण घ्यायचे तर २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण मृत्युमुखी पडले, त्या विमानाच्या सहवैमानिकाने उतरू नका, पुन्हा फेरी घ्या, असे तीन वेळा सांगितल्याची नोंद ध्वनिमुद्रणात आहे.

या घटनांत कनिष्ठ माणूस मुका नव्हता. तो बोलला, पण त्याच्या बोलण्याने काहीही थांबले नाही. म्हणून आपल्या अर्ध्या पाळीतील निम्म्याहून अधिक वेळ तात्यांसाठी ठेवावा, आणि तोही सर्वांसमोर नव्हे. त्यांना आधी वेगळे बसवून ऑगस्टची घटना त्यांच्याच तोंडून ऐकावी. कनिष्ठाचे म्हणणे ऐकून हात थांबवणे हे कौशल्य आहे आणि रसाचा रंग ओळखण्याप्रमाणे तेही सरावानेच येते, हे त्यांना पटले तर हेल्परला फार काही शिकवावे लागत नाही. हेल्पर मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतो की पुढच्या वेळी तोंड उघडायचे की नाही.

देखभालीतील एक उदाहरण देतो, कारण ते कॉकपिटपेक्षा आपल्या कामाला जवळचे आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॅप्टनसमोरची काच सुमारे १७,००० फुटांवर निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सगळे वाचले. चौकशीत आढळले की उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी ती काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने किंचित लहान होते आणि उरलेले ६ लांबीने कमी. काम करणारा माणूस नवशिका नव्हता, तो त्या पाळीचा प्रमुख होता. माणसे कमी, वेळ पहाटेची, म्हणून त्याने ते स्वतःच हाती घेतले. काढलेला बोल्ट हातात धरून नव्याशी नजरेने जुळवला, पुस्तिकेतील क्रमांक पाहिला नाही. स्टोअरकीपरने या कामाला कोणता बोल्ट लागतो हे सांगितले होते, तेही त्याने मनावर घेतले नाही. येथेही सांगणारा होता.

आपल्याकडे नजरेने बोल्ट जुळवणे ही हुशारी समजली जाते. मी स्वतः कागलला असताना हे रोज पाहिले आहे आणि खरे सांगायचे तर कधीकधी केलेही आहे.

उद्यमनगरकर यांचे उत्तर

माझा उद्यमनगरात छोटा कारखाना आहे: तीन प्रेस, दोन लेथ, एक लहान भट्टी. प्रश्नकर्त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, परंतु विमानाची तुलना मला कायम अर्धवट वाटत आली आहे. ती का, हे स्पष्टपणे मांडतो. राग मानू नये.

पहिली गोष्ट अशी की वैमानिक स्वतः त्याच विमानात बसलेला असतो. चूक झाली तर सर्वांत पुढे तोच असतो, आणि म्हणून सुरक्षेचा नियम त्याला वरून लादलेला वाटत नाही. आमच्याकडे उत्पादनाचा आकडा ठरवणारा माणूस ऑफिसमध्ये असतो आणि भट्टीपुढे दुसराच उभा असतो. दुसरी गोष्ट पैशाची. वैमानिकाला ठरावीक तासांपेक्षा अधिक उडू देत नाहीत, सिम्युलेटरवर त्याची नियमित परीक्षा होते. माझा प्रेसवाला सकाळी आठला येतो आणि पोराच्या फीसाठी ओव्हरटाइम मागून घेतो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट शिस्तीची. चुकीला शिक्षा नको असे म्हटले तर उद्या कोणीही काहीही करील. माझ्या प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणे आहेत, जेणेकरून स्ट्रोक येताना दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत. एका ऑपरेटरने एका बटणात लाकडी पाचर ठोकून ठेवली होती आणि एका हाताने माल सारत होता. याला मी मानवी चूक म्हणून सोडून द्यायचे का? शिवाय कोणत्याही हेल्परला भट्टी थांबवण्याचा अधिकार दिला तर वीजबिल कोण भरणार, हेही कोणी तरी सांगावे.

निवृत्त_तंत्रज्ञ यांचे उत्तर

उद्यमनगरकरांचा पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. वैमानिक विमानात असतो आणि मालक भट्टीपुढे नसतो. या विषयावरच्या भाषणांत ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. म्हणूनच प्रशिक्षणाच्या दिवशी मालकांनी उद्घाटन करून निघून जाऊ नये, सबंध वेळ बसावे.

शिस्तीच्या मुद्द्यावर मात्र थोडे सविस्तर लिहितो. विमान वाहतुकीने सर्व चुका माफ केलेल्या नाहीत. तिने चुका वेगवेगळ्या करून पाहिल्या. हात घसरला किंवा एखादी पायरी विसरली, ही एक जात. समजच चुकीची होती, ही दुसरी. नियम माहीत असून मोडला, ही तिसरी. या तिन्हींवर एकच औषध चालत नाही. विसरणाऱ्याला रागावून विस्मरण जात नाही, त्याला यादी लागते किंवा भाग चुकीच्या जागी बसणारच नाही असा जिग (भाग पकडून ठेवणारा साचा) लागतो. समज चुकली असेल तर शिकवावे लागते. नियम मोडला असेल तर आधी एक प्रश्न विचारावा: त्याच जागी, त्याच पाळीत, तितकाच कुशल दुसरा माणूस उभा केला असता तर त्यानेही तेच केले असते का? उत्तर "हो" असेल तर दोष त्या माणसात शोधून उपयोग नाही.

आपल्या पाचरीचे उदाहरण याच कसोटीला लावून पाहावे. तो ऑपरेटर नगावर काम करतो का? दोन्ही हात वापरून दिवसाचा आकडा पुरा होतो का? इतर दोन प्रेसवर पाचर आहे की नाही? आणि ती पाचर किती दिवस होती, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पाचर महिनाभर असेल आणि सुपरवायझर रोज तिथून जात असेल, तर तो नियम कारखान्यानेच मोडीत काढलेला होता, ऑपरेटर फक्त शेवटी सापडला. तसे नसेल आणि त्या एकाच माणसाने बजावून सांगितल्यावरही ती ठोकली असेल, तर जरूर कारवाई करावी. विमान वाहतुकीतही असेच करतात.

प्रश्नकर्त्यांच्या कोऱ्या वहीचे उत्तरही याच क्षेत्रात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए या कंपनीचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले. नियंत्रकाच्या सूचनेचा अर्थ वैमानिकांनी वेगळा घेतला आणि ते वेळेआधी खाली उतरले. नंतर कळले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच जागी तसेच थोडक्यात वाचले होते आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते, पण ती गोष्ट कंपनीच्या बाहेर गेली नव्हती. यातून अमेरिकेत अशा घटना स्वेच्छेने कळवण्याची योजना आली. ती १९७५ मध्ये प्रथम विमान वाहतूक नियामकानेच स्वतःकडे ठेवली आणि तिला प्रतिसाद फारसा मिळाला नाही, कारण दंड करणाऱ्याच्याच हाती आपली चूक लिहून कोण देणार? १९७६ मध्ये ते काम नासाकडे सोपवले. नासा दंड करत नाही. कळवणाऱ्याची ओळख पुसली जाते आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक १० दिवसांत कळवली तर दंडातून सूट मिळते. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सूट नाही. तेव्हापासून तिथे नोंदींचा तुटवडा पडलेला नाही.

आपल्या कारखान्यात ही वही कोणाकडे आहे? ज्यांनी हजेरी कापली त्यांच्याकडेच ना? वही स्टोअरमध्ये ठेवा, कँटीनमध्ये ठेवा, शक्य असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटनेने चार-पाच कारखान्यांच्या नोंदी एकत्र घेऊन नावे काढून महिन्याला एक पान छापावे. एका फाउंड्रीत ओल्या भंगाराने रस उसळला, हे शेजारच्या फाउंड्रीला पावसाळ्यापूर्वी कळले तर त्याची किंमत मोठी आहे.

कोअरशॉप यांचे उत्तर

मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत कोअर विभागाची (ओतीव मालात पोकळी ठेवण्यासाठी वाळूचे गाभे बनवतात तो विभाग) सुपरवायझर आहे. माझ्याकडे बहुतेक स्त्रिया आहेत आणि सुरक्षेच्या चर्चेत कोअरशॉपला सहसा कोणी विचारत नाही, म्हणून थोडे लिहिण्याचे धाडस करते.

वरच्या चर्चेत टेनेरिफचा उल्लेख आला आहे. त्यातील एक गोष्ट मला आपल्या शॉपमध्ये दररोज दिसते. केएलएमच्या सहवैमानिकाकडून "आम्ही आता उड्डाणावर आहोत" अशा अर्थाचे वाक्य गेले. ऐकणाऱ्या नियंत्रकाने त्याचा अर्थ विमान जागेवर तयार उभे आहे असा घेतला. नियंत्रकाने "ओके" म्हटले आणि थांबायला सांगितले, पण पुढचे शब्द त्याच वेळी दुसऱ्या विमानाने केलेल्या संभाषणामुळे खरखरीत बुडाले. त्यानंतर उड्डाणासाठीचा नेमका शब्द परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी तो उच्चारायचाच नाही, असा दंडक पडला, आणि मिळालेली परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवणेही काटेकोर झाले.

आता आपल्याकडचे "बरं" आणि "हां हां" पाहा. मी एखादीला मिश्रणाचे प्रमाण सांगते, ती "बरं" म्हणते. त्याचा अर्थ ऐकू आले, समजले, पटले, करते किंवा आता तुम्ही जा, यांपैकी काहीही असू शकतो. त्यात शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी, ओडिया अशा चार भाषा आणि शेजारी नॉकआउटचा (साचा फोडून ओतीव माल बाहेर काढण्याचा) आवाज. मी गेल्या वर्षापासून एकच नियम केला आहे: "बरं" हे उत्तर धरले जाणार नाही, सांगितलेला आकडा परत म्हणून दाखवायचा. पहिले पंधरा दिवस सगळ्या हसत होत्या. शाळेत पाढे म्हणतो तसे वाटते, असे एक मावशी म्हणाल्या. आता सवय झाली आहे आणि नव्या मुलींना त्याच शिकवतात.

दुसरी गोष्ट तात्यांविषयी. हेल्परने आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला "थांबा" म्हणणे आपल्याकडे सोपे नाही, आणि म्हटले तरी त्यात विनंतीचा सूर येतोच. "माल वल्ला हाय वाटतंय" या वाक्यातला "वाटतंय" पाहावा. त्याला वाटत नव्हते, त्याला दिसत होते. माल ओला असल्याची खात्री असूनही आदर राखण्यासाठी त्याने ती शंका करून मांडली, आणि शंका म्हटल्यावर ती झटकून टाकणे तात्यांना सोपे गेले. म्हणून शब्दांऐवजी खूण ठरवावी. आम्ही दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो. ज्याने पाहिले त्याने काम थांबवायचे आणि मग विचारायचे. आवाजात ती दिसते, चारही भाषांत तिचा अर्थ एकच आहे, आणि हाताच्या खुणेत तू आणि तुम्ही असा भेद नसतो.

गाळप_हंगाम यांचे उत्तर

मी जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात पाळीप्रमुख आहे. हंगाम सुरू असल्यामुळे थोडक्यात लिहितो. आमच्याकडे घोटाळा सर्वाधिक होतो तो पाळी बदलताना. जाणारा दमलेला असतो आणि येणाऱ्याला अजून लय लागलेली नसते. "सगळं चालू हाय" एवढ्यावर पाळी हातात येते. एखाद्या पंपाचा गार्ड काढून ठेवलेला असतो, व्हॉल्व्ह अर्धवट दुरुस्त असतो, आणि ते "चालू" या शब्दात बसून जाते. विमानाच्या देखभालीत अर्धे राहिलेले काम लिहून, सही करून दिले जाते, असे ऐकून आहे. निवृत्त तंत्रज्ञांनी यावर प्रकाश टाकावा. फाउंड्रीत रात्रीच्या वीज सवलतीमुळे वर्षानुवर्षे भट्ट्या रात्रीच चालत आल्या आहेत, तेव्हा पहाटे तीन ते पाच या वेळेचाही विचार आपल्या प्रशिक्षणात व्हावा.

निवृत्त_तंत्रज्ञ यांचे उत्तर

होय. काढलेला प्रत्येक भाग आणि उघडे ठेवलेले प्रत्येक झाकण विमानाच्या नोंदवहीत लिहावे लागते आणि ती नोंद सही होऊन बंद झाल्याशिवाय विमान उडत नाही. हत्यारांचेही तसेच. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनच दिसते आणि तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. एकदा एका स्क्रू ड्रायव्हरसाठी आम्ही चार तास थांबलो होतो. तो ज्याच्याकडून हरवला होता त्याने स्वतः येऊन सांगितले होते आणि त्याला कोणी शब्दाने दुखावले नाही, ही गोष्ट मला त्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा अधिक लक्षात राहिली आहे.

वीजबिलाचा प्रश्न अनुत्तरित राहू नये म्हणून लिहितो. चार्ज थांबवणे म्हणजे भट्टी बंद करणे नव्हे. रस कमी पॉवरवर धरून ठेवायचा, ट्रॉली बाजूला घ्यायची, माल पाहायचा. यात पाच मिनिटे जातात. उतरता उतरता विमान पुन्हा वर नेले तर इंधन खर्च होते, तरीही अनेक कंपन्यांनी अशा फेरीबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही असे ठरवले आहे, कारण जाब विचारला की पुढचा वैमानिक बळेच उतरवतो.

उद्यमनगरकर यांचे उत्तर

पाचर किती दिवस होती हा प्रश्न मी आज सुपरवायझरला विचारला. दिवाळीपासून होती. मी स्वतः त्या प्रेससमोरून दिवसातून चार वेळा जातो. विमानाच्या तुलनेबद्दलचे माझे मत फार बदललेले नाही, पण नगाचा आकडा पुन्हा मोजायला घेतला आहे. दोन्ही हातांनी काम केले तर तो पुरा होत नाही, असे पहिल्या दोन दिवसांत दिसते आहे.

ओतकामवाला यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या वाक्याशी अडखळल्याचे निवृत्त तंत्रज्ञांनी लिहिले आणि मीही तेथेच अडखळलो. मी तात्यांना वाचवण्यासाठी हेल्परवर लिहिले होते आणि त्या वेळी मला ते व्यवहार्य वाटले होते.

या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. ऑगस्टचा अहवाल मी पुन्हा लिहिला. त्यात फाटलेली ताडपत्री, शेडबाहेरची जागा, भंगार वाळवण्याची सोय नसणे, हेल्परने दिलेली सूचना आणि ती बाजूला पडणे, हे सर्व क्रमाने घेतले. कापलेली दोन दिवसांची हजेरी परत देण्याची शिफारस मालकांनी मान्य केली, थोड्या कुरकुरीनंतर. आणि पावसाळ्यापूर्वी भंगारासाठी पत्र्याची शेड घालण्याचे ठरले. प्रशिक्षणातून यायला हवी होती ती गोष्ट प्रशिक्षणाआधीच झाली, हे मला थोडे गमतीचे वाटते.

तात्यांशी काल रात्रपाळीच्या आधी बोललो. टेनेरिफची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "त्या क्याप्टनला म्हायती हुतं सगळं, म्हणूनच त्यो गेला." फुलीची खूण त्यांना मान्य आहे, अट एवढीच की ती ४ मार्चला सर्वांना त्यांनी स्वतः दाखवावी, मी नव्हे. हेल्परला त्यांनी बोलावून घेतले आणि ट्रॉली भरल्यावर पहिली तपासणी त्याने करायची, तो "वाळला" म्हणेपर्यंत चार्ज घ्यायचा नाही, असे माझ्यासमोर सांगितले. पोरगा "बरं" म्हणाला. कोअरशॉपताईंची आठवण ठेवून मी त्याला ते परत म्हणायला लावले.

वही आता कँटीनमध्ये खुंटीला दोरीने टांगली आहे. आज सकाळी तिच्यात पहिली नोंद दिसली: लेडल (रस नेण्याचे भांडे) नीट तापवला नव्हता, रस ओतण्यापूर्वी लक्षात आले. खाली नाव नाही, पण अक्षर तात्यांचे आहे.